बारावा वाफा

सहमच्या विहिरीचं पाणी
दरवर्षी थोडं अधिक समुद्राचं होतं.
राशिद बिन हमूद ओंजळभर तोंडात घेतो,
थुंकतो, आणि आकडा सांगतो.
माझं मीटर मागाहून तेच म्हणतं.

मला इथे आणलं ते कांद्यासाठी.
चार वाफ्यांना पोत्यातलं: युरिया, स्फुरद, पालाश,
हातमोज्यातून साखरेसारखं निसटणारं.
चार वाफ्यांना उंटाच्या लेंड्या
आणि किनाऱ्यावर वाळवलेल्या तारल्या, कुटून.
तिघांना निम्मं हे, निम्मं ते.
बाराव्याला काही नाही.
"काही नाही?" राशिद म्हणाला,
"त्याचा गुन्हा काय?"
तुलनेसाठी, मी म्हटलं. खरं तर असे तीन हवेत,
शास्त्राचा कायदाच आहे,
पण जागा एकाचीच उरली.

डिसेंबरात पोत्याचे वाफे उंडारले.
हिरवी गर्द पात, गुडघ्याला लागणारी.
शफीउल त्यांच्यातच उभा राहून
कुमिल्ल्याला फोटो पाठवायचा.

तारल्यांच्या वाफ्यांत मांजरं.
गावातली झाडून सगळी. रात्रभर उकरायची.
दुर्मुहम्मद बॅटरी घेऊन बांधावर बसायचा
आणि बलुचीत त्यांच्या सात पिढ्या काढायचा.
मी वहीत लिहिलं:
रोपांची तूट, चौदा टक्के. कारण, मांजर.
दापोलीच्या मास्तरांनी हे पान फाडलं असतं.

लेंडीखत उशिरा तोंड उघडतं.
जानेवारी सरला तरी पात पिवळट, घोटाभर.
राशिद काही बोलला नाही,
नुसता त्या बाजूने जायचा बंद झाला.

मग फेब्रुवारीत ऊन तापलं
आणि पोत्याच्या वाफ्यांवर मिठाची साय धरली.
शेंडे करपले.
लेंडीच्या मातीत बोट घातलं तर
आत अजून गार होतं,
काल कुणी बसून उठल्यासारखं.

मार्चअखेर माना पडल्या.
हे मी राशिदला मोडक्या अरबीत फोनवर कळवलं,
तर तो धावत आला, कोण गेलं विचारत.
लेंडीचे वाफे अख्खे आडवे, शिस्तीत.
पोत्याच्यांनी मान टाकलीच नाही.
जाड मानेचे, जोडकांदे,
वजनात मात्र सगळ्यांच्या पुढे.
तराजू त्यांच्याच बाजूने होता.
जूनपर्यंत.
जूनमध्ये पत्र्याच्या शेडमधून पहिला वास आला,
मग काजळी,
मग शफीउल नाकाला फडकं बांधून
टोपल्याच्या टोपल्या उंटांपुढे ओतू लागला.
उंटांनी हुंगलं आणि तोंडं फिरवली.

अहवालात लिहिलं: निम्मं हे, निम्मं ते.
हेच बरं पडतं, या पाण्यात, या उन्हात.
लेंडी आधी, पोतं थोडं, आणि तेही दोन हप्त्यांत.
राशिदने न वाचता सही केली.

बारावा वाफा उरला होता.
सुपारीहून जरा मोठे कांदे,
सरासरी एकतीस ग्रॅम, विकत कोण घेणार?
"घेऊ?" शफीउलने विचारलं.
दुपारी शेडच्या सावलीत
त्याने एक मुठीने फोडला, रोटीवर, तारलीबरोबर,
आणि पुढचा घास घेता येईना त्याला.
दुर्मुहम्मद हसला, त्याने खाल्ला,
तोही डोळे पुसत गप्प.
मी खाल्ला.
उपाशी राहिलेला, खारं पाणी प्यालेला कांदा
सगळा राग साठवून ठेवतो.
माझ्या वहीत वजन होतं, व्यास होता, मानेची जाडी होती.
तिखटपणाला रकाना नव्हता.

राशिद आला, त्याने दोन मागून घेतले.
चावताना गाडीला टेकून उभा राहिला बराच वेळ.
"याचं बी ठेव."
बियांत नाही ते, मी म्हटलं. काही न दिल्यामुळे आलंय.
तो विहिरीकडे बघत राहिला.
"मग पुढच्या वर्षी असे तीन कर," म्हणाला,
"कायद्याने तुला तीन हवे होते ना?"